देणगीची अट : रमण्यातील दक्षिणेपासून आपल्या विद्यानिधीपर्यंत

आपल्या संघाच्या प्रत्येक स्मरणिकेत अखेरच्या काही पानांवर विद्यानिधीच्या देणगीदारांची नामावली छापण्याचा प्रघात आहे. स्मरणिका घरी येताच आपल्यापैकी बहुतेकजण प्रथम तेच पान उघडतात, आपले नाव शोधतात, मग शेजाऱ्याचे शोधतात आणि दोहोंपुढील आकडे ताडून पाहतात. यात मनुष्यस्वभावाला सोडून काही नाही. मीही तेच करीत आलो आहे. परंतु त्या नामावलीच्या खालीच बारीक अक्षरांत निधीचे नियम छापलेले असतात, ते वाचणारे ज्ञातिबांधव व ज्ञातिभगिनी फार थोड्या. देणगीचा आकडा आपण ठळक अक्षरांत छापतो आणि देणगीची अट बारीक अक्षरांत. विद्येसाठी व लोकसेवेसाठी आपल्या प्रांतात जे द्रव्य दिले गेले, त्याचा सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास मी यथामति चाळला, तेव्हा मला असे आढळले की, काळाच्या कसोटीला आकडा फारसा उतरत नाही. उतरते ती अट. देणगी कोणासाठी, कशासाठी, आणि घेणाराने तिची उतराई कशी व्हावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दात्याने दूरदृष्टीने दिली, त्याचे द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या फळत राहिले. हे विधान काही प्रत्यक्ष उदाहरणांनी स्पष्ट करावे व शेवटी आपल्या स्वतःच्या निधीविषयी दोन शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ पेशवाईतील दक्षिणेपासून केला पाहिजे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची चाल पाडली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेले, आणि पुढे ही प्रथा पुण्यास पेशव्यांच्या आश्रयाला आली. श्रावणमासात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास जमत. पर्वतीजवळील रमण्याच्या आवारात त्यांस घेऊन मग एकेकास दारातून बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवीत. मूळ हेतू विद्येचा सत्कार हा होता. परंतु अट जर पुढे केवळ जन्माचीच राहिली आणि विद्येची परीक्षा ढिली पडली, तर दानाचे काय होते, याचेही उदाहरण या प्रथेनेच घालून दिले. उत्तर पेशवाईत रमण्यातील गर्दी वाढली, खर्च वाढला. विद्या मात्र त्या प्रमाणात वाढली, असे कोणी म्हणत नाही.

१८१८ मध्ये राज्य गेले. नव्या सत्तेच्या वतीने कारभार पाहणारे माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. वार्षिक ५०,००० रुपयांच्या मर्यादेत ती चालू ठेवली. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचाही खर्च याच दक्षिणेच्या रकमेतून होऊ लागला. म्हणजे हातावर ठेवण्याची दक्षिणा शाळेच्या रूपाने देण्याचा हा आपल्याकडील एक पहिला प्रयत्न होय. पुढे नव्या मानकऱ्यांची नावे दक्षिणेच्या पटावर घेण्याचे थांबले, आणि जुन्यांच्या मृत्यूमुळे दरसाल काही रक्कम शिल्लक पडू लागली. ही शिल्लक कोणाची, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला.

१८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आदी पुण्यातील सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशातून मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षिसे द्यावीत. पुण्यात याविरुद्ध मोठे वादळ उठले. दक्षिणा ही आमची वंशपरंपरागत मिळकत, तिला हात लावणे म्हणजे अधर्म, असे जुन्या पक्षाचे म्हणणे. तथापि अर्ज मान्य झाला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी भाषेतील आरंभीचे कितीतरी गद्य ग्रंथ या बक्षिसांच्या आधाराने छापले गेले. पुढे दक्षिणा फेलो नेमण्यात येऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तरुणपणी असे फेलो होते. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांसही दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मिळत असत. रमण्याच्या दारात शूद्रातिशूद्रांस किंवा स्त्रियांस उभे राहण्याची सोय नव्हती. त्याच द्रव्यातून पुढे त्यांच्या शाळेचा खर्च निघावा, हा काळाचा केवढा पालट!

पण केवळ नियम बदलला म्हणजे सर्व काही बदलले, असे मात्र समजू नये. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कागदावरची अट ‘सर्वांसाठी’ अशी झाली होती, परंतु कमिटीतील माणसांच्या मनातील अट अजून जुनीच होती. निधीचे नियम हे एक आणि निधीची छाननी करणारांचे मन हे दुसरे. दोन्ही बदलावी लागतात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील व्यापारी वर्गाने ज्ञानसंस्थांना जी देणगी दिली, तिच्यात अट घालण्याची एक नवी रीत दिसते. नाना जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. अट एकच, ती म्हणजे गुणवत्ता. १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती चिंतामणराव देशमुख यांनी मिळविली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. नाना दैवज्ञ ज्ञातीचे आणि चिंतामणराव चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. शिष्यवृत्ती देताना कोणी हे विचारले नाही.

शेठ प्रेमचंद रायचंद यांची कथा आणखी बोधप्रद आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरभराटीत त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख रुपये व मागाहून मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपले नव्हे, तर आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव असावे, अशी त्यांची इच्छा. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी २ लाख रुपये दिले, त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि प्रेमचंदशेठही त्या लाटेत सापडले. त्यांनी जवळ ठेविलेले द्रव्य गेले. देऊन टाकलेले तेवढे राहिले. राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही मुंबईत उभा आहे. आपल्या वाडवडिलांची ‘दिले ते आपले’ ही समजूत मुंबईच्या बाजारात अशी खरी ठरली.

परंतु या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या निधीचे आहे. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता त्यांनी १८९२ मध्ये हा निधी स्थापन केला. त्या काळी टाटा आयर्न कंपनी नव्हती, बंगळूरची विज्ञानसंस्था नव्हती. आरंभी हा निधी केवळ पारशी विद्यार्थ्यांसाठी होता. त्यात वावगे काहीच नव्हते. ज्याने कमावले, त्याने प्रथम आपल्या समाजाकडे पाहावे, ही रीतच होती, आणि आपणही तेच करीत आलो आहोत. पण दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, जमशेटजींनी ही अट काढून टाकली व निधी सर्व भारतीयांस खुला केला. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. पारशी समाजाचे त्यामुळे नुकसान झाले, असेही कोठे दिसत नाही; उलट त्या समाजाचे नाव साऱ्या हिंदुस्थानात आदराने घेतले जाऊ लागले.

या निधीची दुसरी अट तितकीच विचार करण्याजोगी आहे. दिलेले द्रव्य हे दान नसून कर्ज असे. विद्यार्थ्याने शिकून यावे, मिळवू लागावे आणि घेतलेली रक्कम परत करावी, म्हणजे तीच रक्कम मागून येणाऱ्या विद्यार्थ्यास मिळेल. घेणाराचा स्वाभिमान यामुळे शाबूत राहतो आणि निधीची विहीर आटत नाही. या निधीच्या आरंभीच्या मानकऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा या विदुषी होत्या. स्त्रियांस परदेशी पाठविणे ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती, हे सांगावयास नको. केरळातील एका दरिद्री दलित कुटुंबातील के. आर. नारायणन हे १९४५ मध्ये याच निधीच्या साहाय्याने लंडनला शिकावयास गेले आणि १९९७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही केंब्रिजला गेले ते याच निधीच्या शिष्यवृत्तीवर. १८९४ मध्ये ती एक ओळ खोडली गेली नसती, तर या दोघांचे अर्ज ‘ज्ञातीबाहेरील’ असा शेरा मारून परत करावे लागले असते. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. का थांबला, ते शेवटी सांगेन.

जमशेटजींच्या दोन्ही पुत्रांनी हीच वाट पुढे नेली. धाकटे सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले व त्यांच्या इच्छेनुसार १९१९ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. वडील सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, आपली सारी संपत्ती न्यासाच्या स्वाधीन केली. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही त्यातच आला. या न्यासाने केलेले एक काम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळापर्यंत धर्मादाय म्हणजे भुकेल्यास अन्न, नागव्यास वस्त्र, आजाऱ्यास औषध एवढीच कल्पना होती. मुंबईतील नागपाडा येथे श्रमिक वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी विश्वस्तांस असे सुचविले की, लोकसेवा हीदेखील शिकण्याची विद्या आहे व ती शिकविणारी शाळा पाहिजे. १९३६ मध्ये न्यासाच्या अनुदानावर सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आज आपण तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखतो. पुढे १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय न्यासाने उभे केले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून आलेल्या किती रोग्यांनी त्याच्या आवारात आपली वळकटी पसरली असेल, याची गणती करणे कठीण. आपल्या ज्ञातीतीलही अनेक घरांस त्या इमारतीचे जिने परिचित आहेत. तेथे आपणांस कोणी ज्ञाती विचारली नाही.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या कार्याचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्यासाठी ते दारोदार फिरले. कोणी आणे दिले, कोणी रुपये दिले, आणि त्या सर्वांचा पैन्‌पैचा हिशेब त्यांनी ठेवला. हिशेबाच्या या चोखपणामुळेच मोठ्या दात्यांचा विश्वास बसतो, हे तरुण कार्यकर्त्यांनी विसरू नये. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिले होते. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिच्या व्याजापोटी दरसाल ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळावयाचे होते. विद्यापीठास त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव द्यावयास सांगितले. तेव्हापासून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले व १९५१ मध्ये कायद्याने त्यास मान्यता मिळाली. सर विठ्ठलदास गुजराती भाषिक भाटिया ज्ञातीचे आणि कर्वे कोकणस्थ ब्राह्मण. दात्याने आपल्या ज्ञातीच्या मुलींसाठी वेगळी पाठशाळा काढली असती, तर तिचा फायदा काही शेकड्यांस झाला असता. आईचे नाव ठेवले, पण दार सर्वांस उघडे ठेवले. म्हणून लक्षावधी घरांतील मुलींच्या पदवीपत्रावर नाथीबाईंचे नाव आले.

येथवर वाचल्यावर एखादे वडीलधारे ज्ञातिबांधव म्हणतील, “गुरुजी, तुम्ही कोट्यधीशांच्या गोष्टी सांगता. आमच्या आजोबा-पणजोबांनी पै-पैसा करून हा निधी जमविला, तो आपल्या गरीब पोरांसाठी. त्यांना त्या वेळी कोणी विचारीत नव्हते.” हा आक्षेप खरा आहे व त्याचा मान राखलाच पाहिजे. याचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासात आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी प्रथम सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु मागासलेल्या समाजांतील मुले त्यात टिकेनात. जो समाज आधीच पुढे आहे, तोच खुल्या दारातून प्रथम आत शिरतो, हा अनुभव महाराजांस आला. तेव्हा त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांस जमीन, इमारती व वार्षिक अनुदाने देऊन त्यांची त्यांची वसतिगृहे काढावयास लावले. १९०१ मध्ये मराठा व जैन, १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ही मालिका वाढत गेली. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यामुळेच. आपल्या पूर्वजांनी निधी काढला, तो याच काळाच्या प्रेरणेने. ज्यास कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्याने आपला उंबरा बांधला, यात दोष कसला? मागे पडलेल्यास स्वतंत्र हात देणे हा न्यायच होय.

परंतु याच कोल्हापुरात पुढे काय झाले, तेही ऐकावे. जैन वसतिगृहात राहणारा भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध हो, असे त्यास सांगण्यात आले. त्याने ते नाकारले आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले. ज्या वसतिगृहाने त्याला आसरा दिला, त्याच वसतिगृहाची भिंत त्याला आडवी आली. हेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे जेवीत, व स्वतः श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलीत. त्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. लक्ष्मीबाईंच्या त्या देणगीस अट कोणती होती? पोरे उपाशी राहू नयेत, एवढीच.

एकाच काळातील या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात, पण तशा नाहीत. ज्ञातीचे वसतिगृह ही पहिली पायरी होती. पायरी चढण्यासाठी असते. तिच्यावर बिऱ्हाड करावयाचे नसते.

आणखी एक उदाहरण देऊन इतिहास आवरता घेतो. १९१३ मध्ये बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अट अशी की, परत आल्यावर त्यांनी १० वर्षे संस्थानची नोकरी करावी. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. पण एवढ्या विद्वानास त्या शहरात राहावयास घर मिळेना. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. अखेर त्यांस बडोदे सोडावे लागले. महाराजांचे औदार्य निःसंशय, परंतु समाजाने जे दार लावून घेतले होते, ते शिष्यवृत्तीच्या पैशाने उघडले नाही. केवळ पैसा देऊन आपली जबाबदारी संपत नाही. ज्यास शिकविले, त्यास आपल्यात जागाही द्यावी लागते. बाबासाहेबांनी स्वतः मात्र १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांस खुले ठेवले. ज्यांना दार बंद होते, त्यांनीच दार उघडे ठेवावे, ही मनास लावून घेण्यासारखी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानेही याच दिशेने पावले टाकली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये झाला आणि न्यासांस नोंदणी व हिशेबतपासणी बंधनकारक झाली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात असे ठरविण्यात आले की, त्यानंतर स्थापन होणारा धर्मादाय न्यास जर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या किंवा जातीच्याच हितासाठी असेल, तर त्यास करमाफी मिळू नये. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे न्यास यातून वगळले गेले. आपला निधी त्यापूर्वीचा. त्यामुळे ही तरतूद आपणांस लागली नाही, आणि आपल्या नियम १ कडे वळून पाहण्याची पाळीही आपल्यावर आली नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामावर खर्च करण्यास सांगितले. शिक्षणसंस्था व सेवासंस्था आता अशा अनुदानांसाठी अर्ज करतात, आणि प्रत्येक अर्जात त्यांस पहिला प्रश्न येतो तो हा की, लाभ कोणास होणार? म्हणजे प्रश्न जुनाच, रमण्याच्या दारातला.

आता आपल्या निधीविषयी. स्वतःविषयी लिहिण्याची मला हौस नाही. पण या बाबतीत न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी विद्यानिधीच्या छाननी समितीत होतो. आपल्या छात्रालयात वर्षानुवर्षे पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. त्या आपल्या ज्ञातीच्या नाहीत. त्यांच्या मुलीने परिचारिकेच्या शिक्षणक्रमासाठी निधीकडे अर्ज केला. गुण चांगले होते, गरज उघड होती. त्या वर्षी आलेल्या अर्जांत तिच्याहून कमी गुणांचे व बऱ्या स्थितीतील तीन अर्ज आम्ही मंजूर केले. तिच्या अर्जावर मी माझ्या हाताने, तांबड्या शाईने, ‘नियम १ अन्वये अपात्र, ज्ञातीबाहेरील’ असा शेरा लिहिला. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. दुसऱ्या दिवशी बाई मला भेटल्या. तक्रार केली नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. “गुरुजी, गुणपत्रिका मूळची आहे, ती तेवढी परत मिळाली तर बरे,” इतकेच म्हणाल्या. मी ती दिली. दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे पंगतीस वाढले, आणि मी जेवलो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगण्याइतकी चौकशी मी केली नाही; हा दोष समितीचा नव्हे, माझा. दक्षिणा प्राइझ कमिटीने जोतीरावांचे नाटक नाकारले, हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकविले होते आणि दर वेळी त्या कमिटीस मनातल्या मनात नावे ठेवली होती. तांबडी शाई माझ्या हाती आली, तेव्हा मीही त्याच कमिटीच्या रांगेत बसलो होतो, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे तीन सूचना नम्रतापूर्वक ठेवतो. पहिली अशी की, निधीच्या वार्षिक व्याजापैकी निदान चौथा हिस्सा ज्ञातीची अट न ठेवता केवळ गरज व गुण पाहून द्यावा, आणि त्यात आपल्या संस्थेत राबणाऱ्यांच्या मुलांचा विचार प्रथम व्हावा. उरलेले तीन हिस्से आपल्या गरजू मुलांसाठी आहेत तसेच राहतील. कोणाच्या ताटातील घास काढून घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. नियमात बदल करावयाचा, तर धर्मादाय आयुक्तांकडील रीतसर मार्गाने करावा लागेल; त्यास वेळ लागेल, पण मार्ग आहे. दुसरी सूचना, उच्च शिक्षणासाठीचे साहाय्य टाटा निधीप्रमाणे बिनव्याजी कर्जाच्या रूपाने द्यावे. आपल्या निधीतून शिकलेले अनेकजण आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत; त्यांस परतफेडीची आठवण कोणी केलीच नाही, म्हणून त्यांनी ती केली नाही, असे मी समजतो. तिसरी सूचना अगदी लहान आहे. स्मरणिकेत निधीचे नियम देणगीदारांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावेत, आणि परतफेड करणारांची नावेही त्याच पानावर यावीत.

जमशेटजींस त्यांच्या निधीतील एक ओळ खोडावयास दोन वर्षे लागली. आपणांस फार अधिक काळ लागला, याची खंत करीत बसण्यात अर्थ नाही. या सूचना कोणास मान्य होतील, कोणास होणार नाहीत. सभेत त्यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी. मात्र चर्चेस येण्यापूर्वी प्रत्येकाने या स्मरणिकेचे शेवटचे पान उघडून, आपले नाव पाहून झाल्यावर, खालची बारीक अक्षरेही एकदा वाचून यावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.